कोऱ्या कागदावर दहा बोटं

पाकिटावर नाव लिहून झालं होतं आणि शिवांजलीनं ते कुणालाही न विचारता लिहिलं होतं. अर्पिता हाताचं पीठ झाडत स्वयंपाकघरातून बाहेर आली तेव्हा पोरगी फरशीवर पालथी पडून, जीभ दातांत धरून, निळ्या स्केचपेननं शेवटचा काना ओढत होती. अयोध्या आत्या. 'ध्या' मोडला होता, 'त्या' ओळ सोडून खाली घसरला होता, पण वाचायला काही अडत नव्हतं. पाच वर्षांत हे नाव या घरात शुद्धीतल्या माणसानं उच्चारलं नव्हतं. लिहिणं तर लांबच. अर्पितानं आधी आतल्या खोलीच्या दाराकडं पाहिलं. तिथं सासरे, अण्णा, डोळ्यांवर हिरवी पट्टी लावून पडले होते. मग घड्याळाकडं पाहिलं, नवऱ्याची, रणधीरची, जेवायची सुट्टी व्हायला वीस मिनिटं होती. मग रंगाच्या ताटलीकडं. डबीवर 'विषारी नाही' असं छापलेलं तिनं सकाळी दोनदा वाचलं होतं, तरी पोरीच्या ओठांना रंग लागलाय का हे वाकून बघितलं. ओठ स्वच्छ होते. काळजीचीसुद्धा एक रांग असते, आणि आपल्या रांगेत पोर तिसरं आलं, याचा तिला मनातून राग आला.

शाळा उन्हाळ्यामुळं सकाळची होती. मॅडमनी ग्रुपवर टाकलं होतं: मुलांनी स्वतःच्या हातानं काहीतरी करून लांबच्या नातेवाइकाला टपालानं पाठवायचं. सोप्या सोप्या वस्तूही सुचवल्या होत्या. लोकरीच्या गोंड्याची वाचनखूण, वाळल्या पानांचं भेटकार्ड, काडेपेटीत मावेल एवढं पत्र, आणि कागदाची मिठी. शिवूला मिठीच पाहिजे होती. तिनं भिंतीला पाठ लावून दोन्ही हात पसरले, अर्पितानं या बोटापासून त्या बोटापर्यंत सुतळी धरली, आणि तेवढ्याच लांबीची पट्टी ड्रॉइंगचे कागद एकाला एक चिकटवून केली. मग ताटलीत शेंदरी रंग कालवला. तळवा रंगात, तळवा कागदावर. डाव्या टोकाला डावा, उजव्या टोकाला उजवा. पंख्याखाली वाळवायचं, साडीच्या निऱ्यांसारख्या घड्या घालायच्या, पाकिटात सरकवायचं. लांबच्या माणसानं ती घडी उलगडून खांद्यांभोवती गुंडाळून घ्यायची, की झाली मिठी. एवढा वेळ अर्पिताला वाटत होतं, लांबचं माणूस म्हणजे पुण्याची काकू. "पुण्याची काकू कशाला? तिचा तर रोज व्हिडिओ कॉल येतो," पोरगी आता मान वर न करता म्हणाली. "मग लोहाऱ्याचा मामा?" "मामाकडं आपण दिवाळीला जातो की. मॅडम म्हणाल्या, लांबच्याला. आत्याकडं कुणीच जात न्हाय. मग तीच लांब झाली ना?" आत्या कळंबला, एसटीनं जायला फार तर दीड तास. सात वर्षांच्या पोरीचा हिशोब खोडून काढायला जो आकडा लागतो तो तिच्याकडं नव्हता.

आत्या आहे हे शिवूला कळलं तेच मुळी अण्णांमुळं. मागच्या आठवड्यात मोतीबिंदू काढून त्यांना घरी आणलं, डोळा बांधलेला, औषधाची गुंगी अजून उतरायची होती. शिवू पैंजण वाजवत खोलीत गेली आणि म्हातारा माणूस सहज, जसं काही रोजचंच, म्हणाला, "अयोध्ये, तांब्याभर पाणी आण गं." पोरीनं पाणी दिलं. बाहेर येऊन विचारलं, "मम्मी, अयोध्या कोण?" अर्पिता तेव्हा औषधांच्या वेळा कागदावर लिहीत होती. खोटं सांगायला एक क्षण पुरे होता, पण तेवढाही तिनं घेतला नाही. "तुझी आत्या," ती हळूच म्हणाली, आणि मग दिवसभर स्वतःवरच पाळत ठेवून राहिली, की हे आपण का सांगितलं. आता पाकिटावरचं नाव बघताना तिला वाटलं, आपल्याला माहीत होतं. हे नाव कुठंतरी उगवणार हे माहीत असूनच आपण ते पेरलं. नाहीतर नणंदेचा पत्ता इतक्या पटकन कसा सापडला असता? तो मोबाइलमध्ये होता, 'कळंब शिलाई' या नावाखाली. अयोध्याताई ब्लाउज शिवायच्या. रोज सकाळी स्टेटसला गळ्यांचे नमुने लावायच्या. अर्पिता रोज बघायची. आपण बघतो हे त्यांना दिसतं, हेही तिला ठाऊक होतं. पाच वर्षं दोघींमध्ये एवढंच चाललं होतं: एकीनं गळे लावायचे, दुसरीनं बघायचे. तिनं पत्ता सांगितला आणि पोरीनं तो लिहून घेतला.

अयोध्याताईंनी काय केलं होतं? काहीच नाही. खरं तर हाच त्यांचा गुन्हा होता. तेरजवळचं रान पोरांच्या नावावर करायचं ठरलं, लेकीनं हक्क सोडून द्यायचा, सगळ्याच लेकी सोडतात, त्यात विचारायचं काय, म्हणून सगळे जीपमधून नोंदणीच्या हापिसात गेले होते. अर्पिता दोन वर्षांच्या शिवूला मांडीवर घेऊन बाकावर बसली होती. अयोध्याताईंनी पेन हातात घेतलं, कागद शेवटपर्यंत वाचला, पेनचं टोपण लावलं आणि टेबलावर ठेवलं. "म्या सही न्हाय करत." आवाज चढवला नाही, रडल्या नाहीत, वाटा मागितला नाही. रणधीर म्हणाला, "ताई, तुला काय कमी केलं आम्ही?" त्या म्हणाल्या, "कमी न्हाय केलं. पर म्या लेक हाय ही गोष्ट म्या माझ्या हातानं खोडणार न्हाय." आणि पदर सारखा करून एसटी स्टँडकडं चालत गेल्या. त्यानंतर त्यांना ना राखी, ना भाऊबीज, ना लग्नाची पत्रिका. सासूबाई अजून गावाकडं जनावरांपाशी असतात. एकदा तेरच्या जत्रेत मायलेकी मडक्यांच्या एकाच दुकानावर उभ्या राहिल्या आणि दोघींनी एकेक मडकं वाजवून बघितलं, पण बोलल्या त्या फक्त मडकेवाल्याशी. अर्पिता मडक्यांच्या अलीकडं शिवूचा हात धरून उभी होती. ती बी. एस्सी. झालेली होती, वनस्पतिशास्त्रात पहिल्या वर्गात, आणि पाच वर्षं तिनं एकाच गोष्टीत प्रावीण्य मिळवलं होतं: बघणं.

पंख्याखाली पट्टीचं एक टोक फडफडलं. शिवूनं त्यावर चप्पल ठेवली. "चप्पल ठेवू नको गं, बाई." "मग काय ठेवू?" अर्पितानं गव्हाच्या डब्यातलं माप आणून ठेवलं. वाकताना पोटात बारीक हलल्यासारखं झालं. पाचवा महिना. शेजारणीपासून दवाखान्यातल्या आयापर्यंत सगळे एकच बोलत होते, शिवूला आता भाऊ येणार. कुणाला काही माहीत नसताना सगळ्यांना माहीत होतं. आणि अर्पिताला, ज्या वेळी इतर बायका झबली शिवतात त्या वेळी, पंचवीस वर्षांनंतरची एक खोली दिसायची: एक टेबल, एक पंखा, शिवू, आणि समोर तिचाच भाऊ, चांगला, प्रेमळ, हसरा भाऊ, पेन पुढं करून उभा. ती वाईट माणसांना घाबरत नव्हती. तिला भीती त्या हसऱ्या पोराची होती, जो अजून जन्मलाही नव्हता. आणि त्याच्या आईची.

आत खाटेची करकर झाली. भिंतीला तळहात लावत, एकेक पाऊल चाचपत अण्णा बाहेर आले. उत्तरेश्वर अण्णा म्हणजे गावात कागदपत्राचा माणूस; शाळा चौथीच, पण सातबारा डोळे झाकून वाचतील अशी ख्याती. आता खरोखरच डोळे झाकलेले होते. "कसला वास येतोय? काय करायलीस गं पोरी?"

"मिठी करायले, अण्णा."

"कशाची?"

"कागदाची. पोस्टानं आत्याला पाठवायची."

पुण्याच्या काकूला म्हणतेय ती, असं एक वाक्य अर्पिताच्या जिभेवर तयार होऊन बसलं होतं. अशी वाक्यं तिच्याकडं नेहमीच घडी घालून ठेवलेली असत. तिनं ते उलगडलं नाही. अण्णा सावकाश खाली बसले. हातानं चाचपत त्यांनी कागदाची पट्टी उचलली, डोळ्यांवरची हिरवी पट्टी बोटानं वर सरकवली आणि कागद नव्या डोळ्याजवळ नेला, नाकाला लागेल इतका. मग त्यांचं बोट ठशावरून फिरलं, करंगळीपासून सुरू करून, एकेक मोजत, आणि शेवटच्या बोटावर थांबलं.

"ह्यो अंगठा हाय का?"

"व्हय. ह्यो डावा. आन् तिकडं टोकाला उजवा."

"दोन्ही हातांचे?"

"दहाच्या दहा बोटं!" शिवू अभिमानानं म्हणाली.

"आन् मधी काय लिवलंय?"

"काय न्हाय. मधी मिठी असती."

"मधी कोरं हाय?" अण्णांचा आवाज खाली आला. "दोन-अडीच हात कोरा कागद, आन् दोन्ही टोकाला अंगठे? आन् धाडायलाव कुणाला, तर तिला?"

नेमकं त्याच वेळी रणधीर दारात बूट काढत होता. "अण्णा, उठलात कशाला? डॉक्टरनी वाकू नका म्हणून सांगितलंय." अण्णांनी पट्टी त्याच्यापुढं धरली. "हे बघ. तुझ्या घरात काय चाललंय बघ. माझ्या चुलत्यानं असाच दिला व्हता अंगठा. सक्ख्या मेव्हण्याला. म्हनला, दाजी, लिवा तुमच्या सवडीनं. सवडीनं लिवलं त्यानं! ओढ्याकाठचं समदं रान लिवलं. म्हातारा मरस्तोवर त्या ओढ्याचं पानी प्याला न्हाय. कोऱ्या कागदावर अंगठा ठेवायचा न्हाय, ही आमच्या घराची अक्कल हाय." रणधीर आधी खो-खो हसला. "अण्णा, पोरगी सात वर्षांची आहे. रंगाचा ठसा आहे तो. कोर्ट सोडा, तलाठीसुद्धा हसंल." पण ताटावर बसल्यावर त्याला पाकीट दिसलं, त्यावरचं नाव दिसलं, आणि हसू ओसरलं. तो आवाज न चढवणारा माणूस होता. त्याचं सगळं म्हणणं भाजीत मीठ कमी आहे अशा सुरात यायचं. "अर्पे, हे तू सांगितलंस का तिला?" "नाव तिनंच लिहिलं. पत्ता मी दिला." "तुझ्याकडं पत्ता आहे?" "आहे." त्यानं घास खाली ठेवला. "एका सहीसाठी पाच वर्षं काम अडून बसलंय. आणि इथून मिठ्या जायला लागल्या तर ती काय समजंल? की आम्ही वाकलो." "काय समजायचं ते समजू द्या," अर्पिता म्हणाली, आणि आपला आवाज आपल्याच कानांना अनोळखी लागला, जसा रेकॉर्ड केलेला आवाज लागतो.

अण्णा जेवेनात. पट्टी मांडीवर घेऊन बसून राहिले. शेवटी म्हणाले, "बरं, पोरीचं मन मोडायचं न्हाय. असं करा. अंगठे तेवढे काढा. बोटं जाऊ द्या." रणधीरला सुटल्यासारखं झालं. "बघ. एवढं मान्य केलं, तेही अण्णांनी. कडेलाच आहेत अंगठे. कात्रीनं दोन कट मारले की झालं. कुणाला कळणारसुद्धा नाही." हात धुवून तो टीव्हीखालच्या खणातून कात्री घेऊन आला. शिवू आधी आजोबांकडं बघत राहिली, मग बापाकडं, आणि मग तिनं दोन्ही हात पाठीमागं घेतले. "अंगठे काढले तर आत्याला वाटंल, मला अंगठेच न्हाईत," ती म्हणाली. "ती माझ्यासाठी रडंल." रणधीर हसला, पण कात्रीची पाती उघडली होती.

त्या उघड्या पात्यांकडं बघताना अर्पिताच्या डाव्या अंगठ्याला थंड काचेचा स्पर्श झाला. लोहारा, तीन वर्षांपूर्वीचा आषाढ. भाऊ अमरनाथ मोटारसायकलवर घ्यायला आला होता. वहिनीनं सकाळीच ओटी भरली, मोरपंखी साडी दिली, नको नको म्हणताना हातात कोंबली. हापिसात हक्कसोडीच्या कागदावर सही झाली आणि मग यंत्राच्या काचेवर डावा अंगठा ठेवायला सांगितला. यंत्रानं तो घेतला नाही. "पुसा, परत ठेवा." पदरानं पुसला, ठेवला. नाही. "ताई, दाबून ठेवा." नाही. भांड्यांनी, राखेनं, फिनाइलनं अंगठ्याच्या रेघा झिजल्या होत्या. अमरनाथ मागून म्हणाला, "अर्पे, भांडी कमी घासत जा गं," आणि सगळे हसले, तीही हसली. तीनदा त्या अंगठ्यानं नकार दिला. तीनदा तिला कुणीतरी आतून सांगितलं, ऊठ, पदर सारखा कर, स्टँडकडं चालायला लाग. अयोध्याताईंना तर कुठल्या यंत्रानं मदत केली नव्हती. पण बाहेर वहिनी चहा सांगून बसली होती. भावाचं तोंड इतकं निर्धास्त होतं. निर्धास्त माणसाला दुखवायची लाज वाटते. चौथ्या वेळी कारकुनानं कपाळाचं तेल अंगठ्याला लावायला सांगितलं, तिनं कपाळाला अंगठा लावला, नमस्कार केल्यासारखा, आणि यंत्र टिंग करून वाजलं. कुणी धाक दाखवला नाही, कुणी हात धरला नाही. आठवायला एखादा दुष्ट माणूस असता तर किती बरं झालं असतं. त्या सगळ्या खोलीत सगळे चांगलेच होते आणि तिचा अंगठा तेवढा तिच्यापेक्षा शहाणा होता.

"कात्री ठेवा खाली," ती म्हणाली.

"अगं, एवढंसं तर कापायचंय—"

"ठेवा म्हटलं ना."

रणधीरनं कात्री ठेवली नाही, पण मिटली. "तू आता अण्णांपेक्षा शहाणी झालीस का?"

"नाही. अण्णांचंच ऐकायले मी." ती खाली बसली. पोट सांभाळत, एक गुडघा आधी, मग दुसरा. अण्णांच्या मांडीवरून तिनं पट्टी ओढून घेतली. म्हाताऱ्याची बोटं क्षणभर कागदाला धरून राहिली आणि मग सुटली. "कोरा कागद धाडायचा न्हाय, असं म्हणतात ना अण्णा? बरोबर आहे त्यांचं. कोरा राहिला की दुसरं कुणीतरी लिहितं. मग मीच लिहिते." शिवूचं निळं स्केचपेन तिनं उचललं. तिनं डाव्या तळव्याच्या मुळापासून सुरुवात केली आणि उजव्या तळव्याच्या दिशेनं लिहीत गेली. कागद पुढं सरकवायचा, लिहायचं, पुन्हा सरकवायचा. शिवू पट्टीचं टोक धरून बसली होती. रणधीर वरून वाचायचा प्रयत्न करत होता, पण त्याला अक्षरं उलटी दिसत होती. उलटी असूनही त्यानं काहीतरी वाचलं असावं, कारण तो म्हणाला, "अर्पिता." लग्नानंतर त्यानं हे पुरं नाव दोन-तीनदाच घेतलं असेल.

"काय लिहायली ती?" अण्णांनी हवेत विचारलं. "वाच. मला दिसत न्हाय. मोठ्यानं वाच."

आता वाचायचं. लिहिणं सोपं होतं. कागद उलटून बोलत नाही. बाहेर कुकरच्या शिट्ट्या, कुणाचा तरी ट्रॅक्टर, कोपऱ्यावरच्या गिरणीचा पट्टा. आपण हे वाचलं की यानंतर या घरातली प्रत्येक दुपार वेगळी होणार, हे तिला तिच्या सगळ्या काळज्यांसकट, ओळीनं, स्पष्ट दिसलं: सासूबाईंचा फोन, अमरनाथचा फोन, रणधीरचं दोन-दोन दिवस न बोलणं, बाळंतपणाला कुणी येईल की नाही. सगळं दिसलं, तरी तिनं कागद उचलून समोर धरला. ती वाचू लागली.

"हे दोन्ही हात शिवांजली रणधीर हिचे असून अंगठ्यांसहित पाठवले आहेत. अयोध्याताई, तुम्ही सही केली नाहीत ते बरोबर केलंत. मी त्या दिवशी बाकावर बसून होते आणि गप्प राहिले, ते चूक केलं. पुढं मी माझ्या भावाला सही दिली. ती धाकानं दिली नाही, लाजेनं दिली. शिवांजलीला भाऊ होवो किंवा बहीण, तिच्याकडून असली सही कधी कुणी मागायची नाही. मागितली तर तिनं द्यायची नाही. मागणारा माझा मुलगा असला तरी नाही. हे मी राजीखुशीनं, अक्कलहुशारीनं, नवरा व सासरे यांच्या समक्ष लिहून देत आहे. अर्पिता."

शिवूनं आपल्या नावाला तेवढं हसून घेतलं. रणधीरच्या हातात मिटलेली कात्री होती आणि ती कुठं ठेवावी हे त्याला सुचत नव्हतं. "समक्ष काय समक्ष," तो शेवटी पुटपुटला, "मी कुठं हो म्हटलंय?" "हो म्हणायची गरज नाही," अर्पिता म्हणाली. "तुम्ही इथं होता, एवढंच लिहिलंय." त्यानं कात्री टीव्हीवर ठेवली, बूट घातले, एक नाडी न बांधताच जिना उतरला. गाडी चालू झाल्याचा आवाज आला, मग बराच वेळ निघाल्याचा आला नाही. मग आला.

अण्णा तसेच बसून होते. हिरवी पट्टी पुन्हा डोळ्यांवर ओढून घेतलेली, तोंड पंख्याकडं. आता शिव्या येतील, या भीतीनं अर्पितानं शिवूला जवळ ओढलं. कागदही जवळ ओढला. म्हाताऱ्याचे ओठ हलले, आधी आवाजाशिवाय, जसे ते दस्त वाचताना हलायचे.

"तारीख घातली का?"

"नाही."

"तारीख घाल खाली. बिगरतारखेचा कागद उभा ऱ्हात न्हाय."

हे ते लेकीसाठी म्हणत होते, की उद्या सुनेविरुद्ध हाच कागद पुढं करायला तो पक्का करून ठेवत होते, हे त्यांच्या झाकलेल्या डोळ्यांवरून कळायला मार्ग नव्हता. आणि अर्पिताला, जिनं आयुष्यभर माणसांची तोंडं वाचण्यात दिवस घातले, पहिल्यांदाच ते जाणून घ्यावंसं वाटलं नाही. तिनं तारीख घातली. मग, कुणी सांगितलं नव्हतं तरी, वेळ घातली: दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. शाई वाळायला कागदावर एकदा फुंकर मारली, निऱ्या घातल्या, आणि पोस्ट बंद व्हायच्या आत पोचायचं म्हणून शिवूला चपला घालायला सांगितल्या.